उपकार आणि मिंधेपण : पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडवासाचा प्रकरण अभ्यास

१८८३ साली, नुकतीच पंचविशी गाठलेली एक विधवा मराठी पंडिता आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडमधील वॉण्टेज या लहानशा गावी अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) सिस्टरांच्या मठात राहावयास गेली. डॉक्टर होऊन मायदेशी परतावे, असा तिचा बेत होता. गाठीला पैसा जवळजवळ नव्हता आणि इंग्रजीही कामापुरतेच येत होते. १८८६ च्या आरंभी तिने इंग्लंड सोडले, तेव्हा डॉक्टरकीचा बेत मोडलेला होता. ख्रिस्ती होणार नाही, असे निघताना सांगणाऱ्या या बाईने बाप्तिस्मा घेतलेला होता, आणि ज्यांच्या सहवासात तो घेतला त्यांच्याशीच तिचा श्रद्धा, आहार, पोटच्या मुलीचे शिक्षण आणि स्वतःचा पेशा अशा प्रत्येक बाबतीत लेखी वाद झडलेला होता.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील या कालखंडावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बराचसा मजकूर बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबतो. कोणी त्याला स्वधर्मद्रोह म्हटले, कोणी मुक्ती म्हटले. प्रस्तुत लेखात प्रश्न निराळा घेतला आहे. परक्या देशात आपण ज्यांच्या छपराखाली राहतो, ज्यांचे अन्न खातो आणि ज्यांच्या सेवाकार्याने आपले मन खरोखरच जिंकलेले आहे, त्यांना आपल्या सद्‌सद्‌विवेकावर किती अधिकार पोचतो? माझ्या मते रमाबाई सेवाकार्यापुढे मनापासून नमल्या, पण ते करणाऱ्यांच्या हुकमतीपुढे नमण्याचे त्यांनी नाकारले. पुढे बोस्टनमध्ये आणि मुंबई-पुण्यात त्यांनी जी संस्था उभी केली, तिच्या घडणीवर या नकाराची छाप स्पष्ट दिसते.

साधनांविषयी

या प्रकरणाची साधने दोन प्रकारची असून ती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. पहिले साधन म्हणजे त्या काळातील पत्रव्यवहार. रमाबाई, वॉण्टेजच्या मठातील त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन, चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील आणि काही धर्मगुरू यांच्यातील ही पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनीच जुळवून ठेवली आणि पुढे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. दुसरे साधन म्हणजे १९०७ साली रमाबाईंनी लिहिलेली स्वतःच्या श्रद्धेची साक्ष. पत्रांतील बाई वाद घालते, चिडते, टोमणे मारते आणि आपले मत अजून पक्के झाले नसल्याचे कबूल करते. साक्षीतील बाई मागे वळून पाहणारी आहे. आपला प्रवास कोठे संपला हे तिला ठाऊक आहे आणि त्या शेवटाच्या उजेडात ती आरंभ सांगते. लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टरांचे सेवाकार्य पाहिल्याचा वृत्तान्त, जो या प्रकरणाचा कणा आहे, तो मुख्यतः या उत्तरकालीन साक्षीतून येतो. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. मात्र चोवीस वर्षांनंतरच्या स्मरणातील शब्दांना १८८३ च्या मनःस्थितीचे तंतोतंत टिपण मानणे धोक्याचे आहे.

वॉण्टेजपर्यंतची वाट

रमाबाईंचा पूर्वेतिहास मराठी वाचकाला परिचित असल्याने येथे आवश्यक तेवढाच देतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि आईने रमाबाईंना. दुष्काळात आई-वडील व थोरली बहीण गेली. धाकटी मुलगी आणि भाऊ श्रीनिवास यांनी पुराणे सांगत, बहुतांशी पायी, देश पालथा घातला. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने, बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी विवाह केला. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पतीही गेला. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

त्यानंतर पुण्यात आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले आणि सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना हिंदुस्थानी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची निकड असल्याचे ठासून सांगितले. हे काम दुसऱ्या कोणी करावे म्हणून वाट पाहण्यापेक्षा आपणच वैद्यक शिकावे, हा विचार त्यातूनच पुढे आला. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काम करणाऱ्या सिस्टरांशी त्यांची ओळख झाली होती. त्यांचा सेंट मेरी द व्हर्जिन हा संघ १८४८ साली वॉण्टेज येथे स्थापन झाला होता. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच धर्मांतरानंतरचे फादर नेहेम्या गोऱ्हे, हे विद्वान चित्पावन ख्रिस्ती गृहस्थही त्यांच्याशी धर्मचर्चा करीत. प्रवासखर्चासाठी पुस्तकाच्या विक्रीचे पैसे कामी आले. वॉण्टेजला राहण्या-जेवण्याची सोय सिस्टरांनी करावी आणि त्याच्या बदल्यात रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवावे, असे ठरले.

ही देवघेव लक्षात ठेवण्यासारखी आहे. रमाबाईंच्या दृष्टीने तो चोख व्यवहार होता: मी शिकविते, तुम्ही शिकवा. सिस्टरांच्या मनातही फसवणूक नव्हती. परंतु निराधार विधवेला आपण आसरा दिला आहे, ही भावना त्यांच्या पत्रांत जागोजागी डोकावते. एकाच व्यवस्थेकडे एक बाजू करार म्हणून आणि दुसरी बाजू उपकार म्हणून पाहत असेल, तर पुढचा तंटा चुकत नाही.

१८८३ चे वर्ष

वॉण्टेजमधले पहिले काही महिने कठीण गेले. रमाबाईंना ऐकू कमी येत असे आणि या दोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला. त्यांच्यासोबत पुण्याहून आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी वॉण्टेजमध्ये आत्महत्या केली. आपल्याला बळाने ख्रिस्ती करतील अशी भीती त्यांच्या मनाने घेतली होती, असे त्या वेळी सांगितले गेले. एका मठात, परक्या भाषेत, एकमेव मराठी बोलणारी सोबतीण अशा रीतीने गेल्यावर मागे राहिलेल्या बाईच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करण्यास फार पांडित्य लागत नाही. त्यानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

या क्रमावरून ‘दुःखाच्या भरात घेतलेला निर्णय’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो मला पुरेसा वाटत नाही. ज्या बाईने आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा यांचे मृत्यू विशीच्या आगेमागे पाहिले आणि त्यांपैकी कोणत्याही मृत्यूनंतर धर्म बदलला नाही, ती केवळ आघाताने बदलली असे म्हणणे तिच्या बुद्धीवर अन्याय करणारे आहे. मात्र निर्णयाची वेळ, म्हणजे तो त्या सप्टेंबरातच का झाला, हे समजून घेताना आनंदीबाईंचा मृत्यू बाजूला ठेवता येत नाही. खुद्द सिस्टर जेराल्डीन यांनाही पुढे असे वाटू लागले की बाप्तिस्म्याची घाई झाली; अर्थात त्यांचे कारण वेगळे होते. त्यांच्या मते रमाबाईंना अद्याप सगळे सिद्धान्त मान्य झालेले नव्हते.

फुलहॅम

सिस्टरांच्या प्रमुखांनी रमाबाईंना हवापालट म्हणून संघाच्या लंडनमधील एका शाखेत पाठविले आणि तेथील सिस्टरांनी त्यांना फुलहॅम भागात चालणारे पतित स्त्रियांच्या उद्धाराचे काम दाखविले. रमाबाईंच्या साक्षीनुसार तेथे त्यांना अशा अनेक स्त्रिया भेटल्या, की ज्या पूर्वी या आश्रमात आश्रयाला आल्या होत्या आणि आता स्वतःच आजारी व अपंग माणसांची शुश्रूषा करीत होत्या. ज्यांना सुधारायचे त्या आणि ज्यांनी सुधारायचे त्या, अशी भिंत तेथे उरली नव्हती. कालची आश्रित आज सेविका झाली होती.

रमाबाईंना हे पाहून जो धक्का बसला, त्याचे मूळ त्यांच्या शास्त्राभ्यासात आहे. त्या कोणी अडाणी यात्रेकरू नव्हत्या; धर्मशास्त्रे त्यांना तोंडपाठ होती. पतीला डावलून वागणाऱ्या स्त्रीला राजाने भर वस्तीत कुत्र्यांकडून खाववावे, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे, आणि रमाबाईंनी आपल्या साक्षीत या विधानाचा आवर्जून उल्लेख केला आहे. अशा स्त्रीसाठी काही करावयाचे असते, तिला परत माणसांत आणता येते, ही कल्पनाच त्यांना पहिल्यांदा तेथे भेटली, असे त्या सांगतात. (येथे एक आक्षेप रास्त आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातच फसलेल्या ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ च्या सुमारास काढले होते. आपल्या देशात कोणीच काही केले नाही, असा अर्थ रमाबाईंच्या वाक्यांतून निघत असेल तर तो अपुरा आहे. पण शास्त्रांत जे नव्हते ते नव्हतेच, आणि रमाबाई शास्त्रांच्याच शोधात वाढलेल्या होत्या.)

पाहिलेल्या कामाचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. भर दुपारी एकटीच पाणी भरायला आलेली शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानून दूर ठेवीत त्या समाजातली, स्त्री, तिचे पाच नवरे, आणि विहिरीच्या काठी बसून तिच्याजवळच पाणी मागणारा, तिच्याशी देवाची खरी उपासना कोठे व कशी करावी याची चर्चा करणारा येशू. हा उतारा निवडणाऱ्या सिस्टरला रमाबाईंची जातपात आणि त्यांचे शास्त्रार्थाचे वेड यांची किती जाण होती, हे सांगता येत नाही. परंतु निवड अचूक होती. त्या गोष्टीत विटाळ आहे, पाणवठा आहे, परक्या जातीच्या हातचे पाणी आहे, आणि एका बदनाम बाईबरोबर पंडिताशी करावा तसा शास्त्रार्थ आहे. मराठी वाचकाला या चार गोष्टींचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

या प्रसंगाचा क्रम महत्त्वाचा आहे. रमाबाईंनी आधी काम पाहिले, मग कारण विचारले आणि त्यानंतर त्यांना वचन ऐकायला मिळाले. फादर गोऱ्ह्यांशी पुण्यात झालेली चर्चा विद्वत्तेच्या पातळीवरची होती आणि तिने पाया घातला असेल. पण पटणे झाले ते कामाच्या पोटी. म्हणूनच पुढील तीन वर्षांत सिद्धान्तांविषयी त्यांना जे जे खटकले त्याने फुलहॅमचा ठसा पुसला गेला नाही आणि फुलहॅमच्या ठशामुळे खटकणारे सिद्धान्तही गिळवले गेले नाहीत. सिस्टरांना मात्र या दोन गोष्टी एकच वाटत होत्या: आमचे काम पटले, तर ज्या चर्चच्या आज्ञेने आम्ही ते करतो, तिची आज्ञाही पटलीच पाहिजे.

वाद कशावरून झाला

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी, गणित व विज्ञान शिकत. वॉण्टेजशी संबंध पत्रांद्वारे चालू राहिला आणि वादही तेथेच रंगला.

सर्वांत क्षुल्लक वाटणारा, पण माझ्या मते सर्वांत बोलका वाद जेवणाचा आहे. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या. मांस तर नाहीच, पण अंडे घातलेले पुडिंगही खात नसत. सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा जुना अहंकार दिसला आणि तो आध्यात्मिक प्रगतीच्या आड येतो असे त्यांनी कळविले. त्यावर रमाबाईंचे उत्तर खास त्यांच्या वळणाचे आहे. माझा अहंकार शोधायचाच असेल तर तो ‘पाय’ नावाच्या इंग्रजी पक्वान्नांत आणि पुडिंगांत, दूध-लोण्यात, भात-पाण्यात, बुटा-मोज्यांत, इतकेच काय मी रोज जाळते त्या ढीगभर कोळशातसुद्धा खुशाल शोधा, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. हिंदुस्थानात जाऊन राहिलेल्या एखाद्या इंग्रज बाईने कोणालाही अपाय न करणाऱ्या आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले तिला आवडेल काय, असाही त्यांचा सवाल होता. शेगडीतल्या कोळशाचा उल्लेख थट्टेचा आहे, पण त्यात बोचरा अर्थही आहे. परक्या थंडीत जळणारा तो कोळसा यजमानांच्या खर्चाचा होता आणि पाहुणीला त्याचा हिशेब ठाऊक होता.

क्रूसाचा वाद याच जातीचा. गळ्यात घालावयाच्या क्रूसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असे रमाबाईंना वाटत होते. लॅटिनमध्ये संस्कृतापेक्षा अधिक पावित्र्य आहे काय, की ब्राह्मणांना संस्कृताविषयी जे वाटते तेच तुम्हांला लॅटिनविषयी वाटते, असे त्यांनी विचारले. संस्कृतच्या मक्तेदारीविरुद्ध ज्या घराण्याने झीज सोसली, त्या घरातल्या मुलीने हा प्रश्न विचारणे मोठे मार्मिक आहे.

पेशाचा प्रश्न याहून गंभीर होता. हिंदुस्थानात नोकरीसाठी जाणाऱ्या तरुण पुरुषांना रमाबाईंनी भाषा शिकवाव्यात, अशी एक शक्यता पुढे आली. स्वावलंबनासाठी त्यांना ते हवे होते. मत मागविले तेव्हा लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी विरोध केला. पुरुषांना शिकविल्यास हिंदुस्थानात परतल्यावर या बाईचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या बाईविषयी हा निर्णय तिला न विचारता घेतला जात होता. माझ्या आईने आणि मी तरुण पुरुषांना शिकविण्यास माझ्या वडिलांनी वा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही आणि येथे इंग्रज लोक ती घेतात, याचे त्यांनी आश्चर्य व्यक्त केले. स्त्रीस्वातंत्र्याच्या बाबतीत ख्रिस्ती इंग्लंड पुढारलेले आणि ब्राह्मणी हिंदुस्थान मागासलेला, हे समीकरण त्यांच्या अनुभवात किमान एका जागी तरी उलटे निघाले.

श्रद्धेच्या गाभ्याशी असलेला मतभेद त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) सिद्धान्तावर, ख्रिस्ताच्या देवत्वाच्या मांडणीवर आणि अथनेशियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मतांगीकारावर, म्हणजे श्रद्धेच्या ठरीव जाहीरनाम्यावर, होता. पवित्र शास्त्रात मला जे स्पष्ट दिसते ते मी मानते. चर्चने पुढे रचलेली सूत्रे शास्त्राच्या बरोबरीची का मानावीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८८५ च्या मे महिन्यातील एका पत्रात त्यांनी लिहिलेले म्हणणे या प्रकरणात निर्णायक आहे: हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, तेव्हा तसलेच दुसरे जू मानेवर घेण्यास मी तयार नाही. मनोरमेविषयीही त्या तितक्याच ठाम होत्या. आपल्या मुलीला काय शिकवावे हे आईने ठरवावे, आणि तिने परक्या देशात वाढून आपल्या माणसांना परकी होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता.

दुसरी बाजू

सिस्टर जेराल्डीन यांना खलनायिका ठरविणे सोपे आहे आणि अलीकडच्या लेखनात ते पुष्कळदा घडते. त्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या बाईसाठी ‘माझा विवेक सांगेल तेच’ हे वाक्य स्वातंत्र्याचे नसून वाट चुकल्याचे लक्षण होते, कारण आपला स्वतःचा विवेकही त्यांनी चर्चच्या हाती दिलेला होता. ज्याने बाप्तिस्मा घेताना मतांगीकार उच्चारला, त्याने तो पुढे वादग्रस्त ठरवावा, हे त्यांना वचनभंगासारखे वाटले असल्यास नवल नाही. शिवाय रमाबाईंची आणि मनोरमेची काळजी त्यांनी मायेने वाहिली होती. रमाबाई त्यांना पत्रांत आजीबाई म्हणत, ते केवळ उपचारापुरते नव्हते. दोष त्यांच्या मायेत नव्हता. वसाहतीतून आलेल्या, आपल्यापेक्षा दोन भाषा आणि दहा शास्त्रे अधिक जाणणाऱ्या बाईला शिष्या म्हणूनच पाहण्याची सवय त्यांना सोडता आली नाही, हे त्यांचे न्यून होय.

डोरोथिया बील यांनी अधिक समंजस वाट धरली. त्या रमाबाईंच्या शंकांना लांबलचक पत्रे लिहून उत्तरे देत, तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलत आणि विचार करणाऱ्या मनाला वेळ दिला पाहिजे असे वॉण्टेजलाही कळवीत. शिक्षिकेला विद्यार्थिनीची शंका अपमान वाटत नाही, एवढाच कदाचित हा फरक असेल.

बाहेर पडणे आणि नवी रचना

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला येण्याचे निमंत्रण रमाबाईंना पाठविले. इंग्लंडमधील हितचिंतकांची नाराजी पत्करून त्या निघाल्या आणि ११ मार्च १८८६ च्या समारंभाला हजर राहिल्या. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या, बालवाडीचे शिक्षण घेतले, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध केले आणि देशभर व्याख्याने दिली. अमेरिकेतील धर्मादाय संस्थांचे, त्यांतील स्त्रियांच्या पुढाकाराचे आणि पंथापंथांतील चुरशीचे त्यांनी केलेले निरीक्षण १८८९ च्या मराठी प्रवासवृत्तात आले आहे. गुलामगिरीतून सुटून इतरांना सोडविणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या भेटीची हकिगतही त्यात आहे.

प्रस्तुत प्रकरणासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन. एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन (त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचे) धर्मगुरू तिचे अध्यक्ष होते आणि तिच्या पाठीराख्यांत निरनिराळ्या पंथांचे लोक होते. वर्षाला निदान एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन देणाऱ्या सभासदांची मंडळे ठिकठिकाणी निघाली. पैसा ख्रिस्ती देणगीदारांचा. परंतु शाळा कोणत्याही पंथाची नाही, तीत धर्मशिक्षण नाही, आणि देखरेखीसाठी हिंदुस्थानात तेथल्याच प्रतिष्ठित सुधारकांचे सल्लागार मंडळ, ज्यात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. अनेक लहान दाते, ठरलेली मुदत आणि लेखी अटी, असे या रचनेचे स्वरूप होते. वॉण्टेजला एकच दाता होता, मुदत नव्हती आणि अटी न बोललेल्या होत्या. रमाबाईंनी हे मुद्दाम वॉण्टेजच्या उलट केले, असे त्यांनी लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. मात्र मिंधेपण कसे तयार होते हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्यालाच अशी रचना सुचते, असे मला वाटते.

बाजू पालटल्यावर

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनात मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली त्या दारातून आत येऊन बसू लागल्या.

येथे प्रकरण उलटते. आता अन्न, छप्पर आणि शिक्षण देणाऱ्या रमाबाई होत्या आणि घेणाऱ्या मुली निराधार होत्या. मुली स्वखुशीने येतात, मी कोणाला बोलावीत नाही आणि कोणाला हाकलणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका विवेकस्वातंत्र्याची होती आणि ती प्रामाणिक होती. ‘केसरी’ने यावर टीकेची झोड उठविली. रानडे-भांडारकरांनी १८९३ मध्ये सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. टीकाकारांच्या भाषेत द्वेष पुष्कळ होता, पण राजीनामा देणारे सुधारक द्वेष्टे नव्हते. आश्रयदात्रीच्या उघड्या दाराला आश्रित मुलीच्या नजरेत आमंत्रणाचे रूप येते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. आणि चेल्टनहॅममधल्या रमाबाईंना तो सहज समजला असता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मधल्या काळात रमाबाईंची स्वतःची श्रद्धाही पालटली होती. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे उमगल्याचे त्या साक्षीत सांगतात. वॉण्टेजला जिने चर्चच्या सूत्रांवर प्रश्न उभे केले, तिला आता सूत्रांशिवायचा, थेट भेटीचा अनुभव आला होता, आणि तो इतरांपासून लपवून ठेवणे तिला शक्य नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. १८९८ मध्ये बोस्टनच्या असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली, जुनी संस्था विसर्जित होऊन नवी निघाली, आणि धर्मनिरपेक्षतेचे जुने बंधन गळून पडल्यावर काम उघडपणे ख्रिस्ती झाले. केडगावात ‘पतित’ ठरलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हे वेगळे गृह निघाले. फुलहॅमला पाहिलेले काम असे मराठी मुलखात आले. तेथल्याप्रमाणेच येथेही कालच्या आश्रित स्त्रिया शिक्षिका, परिचारिका आणि सेविका झाल्या.

केडगावला आलेल्या बहुसंख्य मुलींनी पुढे बाप्तिस्मा घेतला. त्यांपैकी अनेकींची श्रद्धा आयुष्यभर टिकली, म्हणून ती लादलेली होती असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरेल. त्याच वेळी एक फरक नोंदविणे भाग आहे. रमाबाई सिस्टर जेराल्डीन यांना नकार देऊ शकल्या, कारण त्यांच्यापाशी शास्त्रांचा अभ्यास होता, पंडिता म्हणून नाव होते, पोट भरण्याजोगी विद्या होती आणि योग्य वेळी फिलाडेल्फियाचे निमंत्रण हाती आले. दुष्काळातून उचलून आणलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीजवळ यांपैकी काहीच नव्हते, आणि तिला कधी तशी सवालजवाबाची पत्रे लिहावीशी वाटली असती तरी आधी तिला लिहायला शिकविणाऱ्याही रमाबाईच होत्या.